न्याहारी : दुधाची की बिनदुधाची?

दिवाळीच्या चार दिवसांत ‘आज न्याहारीला काय?’ हा प्रश्न घरोघरी रजेवर जातो. डबे भरलेले असतात, ताटल्या मांडायच्या तेवढा अवकाश. पण वर्षातल्या उरलेल्या साऱ्या सकाळी हा प्रश्न गृहिणीच्या उशाशी बसून असतो, आणि अलीकडे तर त्याला एक शेपूटही फुटले आहे. काय करायचे एवढे ठरवून भागत नाही. त्यात दूध असावे की नसावे, तेही ठरवावे लागते.

या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात, त्यांत या एका विषयावरची पत्रे सर्वांत जास्त. दादरच्या एक भगिनी लिहितात, “ह्यांना मधुमेह आहे. कोणी सांगतात, दुधाने साखर चढत नाही, बिनधास्त द्या. कोणी सांगतात, दुधाने शरीरातले इन्सुलिन भडकते, थेंबही देऊ नका. आता मी कोणाचे ऐकू?” नाशिकच्या एका गृहस्थांची अडचण निराळी. त्यांच्या घरी सासूबाई डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या मताच्या, म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचे, मध्ये दुधाचा चहासुद्धा नाही. आणि सूनबाई ऋजुता दिवेकरांच्या मताच्या, म्हणजे थोडे थोडे, पण वरचेवर खायचे. “मी मधल्या मध्ये उपाशी राहतो,” असे त्यांनी कळवळून लिहिले आहे.

मंडळी, हा विनोदाचा विषय असला तरी हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे चार मोठी माणसे न्याहारीला बसली तर त्यांतल्या एकाला हा विषय लागू आहे असे धरून चालावे. म्हणून या दिवाळी अंकात जरा ऐसपैस जागा मिळाली आहे, तर या प्रश्नाचा निकाल लावण्याचा प्रयत्न करू या.

चमचाभर साखरेचा संसार

प्रथम ही रक्तातली साखर असते तरी किती, ते पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या रक्तात सकाळी उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत साखर असते. हिशेब केला तर सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! एवढ्याशा साखरेवर मेंदूचा सारा कारभार चालतो. आणि आपण सकाळी बशीभर पोहे खातो, तेव्हा त्यातून तीस-चाळीस ग्रॅम साखर एकदम दाराशी येऊन उभी राहते. तिला स्नायूंत आणि यकृतात जागा करून देण्याचे काम स्वादुपिंडातून सुटणारे इन्सुलिन करते. हे काम सुरळीत झाले तर दोन तासांनी साखर पुन्हा १४० च्या खाली येते. ते बिघडले की मधुमेह.

कोणत्या पदार्थाने साखर किती वेगाने चढते, हे मापण्याची एक पट्टी टोरोंटोच्या डॉ. डेव्हिड जेंकिन्स यांनी १९८१ साली तयार केली. शुद्ध ग्लुकोजचा चढ १०० धरायचा आणि बाकीचे पदार्थ त्याच्याशी ताडून पाहायचे. या पट्टीवर दूध पार खाली बसते. त्याची कारणे साधी आहेत. दुधातली साखर ही अर्धी ग्लुकोज आणि अर्धी गॅलॅक्टोज असते. दुसरी आधी यकृतात जाते, लगेच रक्तात मिसळत नाही. शिवाय कपभर दुधात ही साखर फक्त नऊ-दहा ग्रॅम असते, आणि सोबतची प्रथिने व स्निग्धांश पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतात.

येथवर दादरच्या भगिनींचा पहिला सल्लागार बरोबर ठरतो. आता दुसऱ्याचे ऐकू. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली एक मजेदार गोष्ट प्रसिद्ध केली. पांढऱ्या पावाला १०० मानले, तर दूध आणि दही यांनी साखर चढली अवघी १५ ते ३०. पण इन्सुलिन मात्र सुटले ९० ते ९८, म्हणजे जवळजवळ पावाइतकेच! दूध नासवल्यावर जे हिरवट पाणी वर येते, त्यातली प्रथिने स्वादुपिंडाला थेट हाक घालतात असे पुढे दिसून आले. तेव्हा दुधाने साखर फारशी चढत नाही हे खरे, आणि दुधाने इन्सुलिन वाढते हेही खरे. दोन्ही सल्लागार एकाच प्रयोगाचे अर्धे-अर्धे पान वाचून भांडत आहेत.

मग या इन्सुलिनचे भय धरायचे का? जेवणाबरोबर घेतलेल्या दुधाच्या बाबतीत तरी नाही. उलट न्याहारीत इतर पिष्ट पदार्थ असतील तर हे जादा इन्सुलिन त्यांची साखर आवरायला मदतच करते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली न्याहारीच्या धान्याबरोबर पाण्याऐवजी दूध देऊन पाहिले, तेव्हा साखरेचा चढ कमी भरला. मात्र दिवसभर तासातासाला दुधाचा चहा घेत राहणे ही वेगळी गोष्ट. तेथे स्वादुपिंडाला उसंत मिळत नाही, आणि चहात दुधापेक्षा साखरच जास्त बोलते. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम साखर. याबाबतीत सासूबाईंच्या पक्षाचे म्हणणे कोणीही मान्य करावे.

पोट कशाने भरते?

साखर हा एक हिशेब झाला. दुसरा हिशेब पोटाचा. आठ वाजता खाऊन दहा वाजता पुन्हा डबे धुंडाळावे लागत असतील, तर ती न्याहारी साखरेच्या दृष्टीने कितीही सोज्वळ असली तरी उपयोगाची नाही. कारण दहा वाजता हाती लागतात ती बिस्किटे.

सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली याचा प्रयोग केला. निरनिराळे ३८ पदार्थ, प्रत्येकाचे २४० कॅलरी भरतील एवढेच माप, आणि खाणाऱ्याला दोन तासपर्यंत दर पंधरा मिनिटांनी एकच प्रश्न : पोट किती भरलेले वाटते? येथेही पांढऱ्या पावाला १०० गुण दिले होते. सर्वांत वर कोण आले असेल? उकडलेला बटाटा, ३२३ गुण! ओटची पेज २०९, अंडी १५०, मसूर १३३. तळाला लोणीदार क्रोसाँ, ४७. आणि दही ८८, म्हणजे पावाच्याही खाली. पण ते दही आपले विरजणाचे नव्हते बरे का, ते स्ट्रॉबेरीच्या स्वादाचे गोड दही होते. बाजारात रंगीत डब्यांतून जे दही मुलांसाठी येते, त्याचीच ही जात.

प्रत्येक पदार्थ खाणारी माणसे या प्रयोगात थोडीच होती, त्यामुळे प्रत्येक आकड्याला वेदवाक्य मानायचे कारण नाही. पण त्यातून निघालेले सूत्र पुढेही टिकले. ज्या पदार्थात पाणी, चोथा आणि प्रथिने जास्त, तो पोट धरून ठेवतो. ज्यात तूप-लोणी आणि साखर जास्त, तो जिभेला आवडतो आणि पोटाला लवकर सोडून जातो. आणि बटाट्याची गंमत लक्षात घ्या : तो साखर चांगलीच चढवतो, तरी पोटही भरतो. म्हणजे साखर आणि पोट हे दोन हिशेब नेहमी जुळतातच असे नाही. न्याहारी निवडताना दोन्ही वह्या उघडाव्या लागतात.

कशेडीच्या अलीकडे

आता जरा प्रयोगशाळेतून बाहेर पडून आपल्या मुलखात येऊ. माझे सासर कशेडी घाटाच्या अलीकडे, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत. महाडवरून निघाले, पोलादपूर मागे पडले की रस्ता चढू लागतो. डोंगर ओलांडला की रत्नागिरी जिल्ह्यातले खेड. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते. भात खाली खाचरांत, आणि वर उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. दूधदुभते बेताचे. देशावर घरोघरी म्हशी, तशी इकडची रीत नाही. एखादी लहान चणीची गाय, तिचे वासराला पाजून उरलेले दूध, आणि त्याचे विरजण लावून केलेले ताक.

या वाडीतली जुनी न्याहारी म्हणजे नाचणीची भाकरी आणि ताक. ताक नसेल तेव्हा लसणीची चटणी, कुळथाचे पिठले किंवा रात्रीचे कालवण. सासूबाई म्हणायच्या, “अगं, भाकरी खाल्ली की दुपारपर्यंत पोटाला आठवण होत नाही. तुमच्या त्या बिस्किटांनी नुसती जीभ चाळवते.” सिडनीचा प्रयोग त्यांच्या कानावर गेला नव्हता, पण निष्कर्ष तोच होता.

नाचणीचे गुण आता सर्वांना ठाऊक झाले आहेत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हापासून शहरातल्या दुकानांतून नाचणीची पाकिटे दिसू लागली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. जोडीला भरपूर चोथा. तिच्यातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, पण भिजवून मोड आणून दळली तर अधिक लागते. मात्र एक सावधगिरी हवी. जाडसर पिठाची भाकरी वेगळी आणि मैद्यासारख्या बारीक पिठाची, गूळ घालून केलेली पातळ खीर वेगळी. बारीक दळले, खूप शिजवले, पातळ केले आणि गोड केले की कोणतेही धान्य रक्तात धावत जाते. ‘नाचणीचे आहे ना, मग चालेल,’ असे म्हणून पेलाभर गोड खीर पिणाऱ्या मधुमेही माणसाने हे ध्यानात ठेवावे.

महाड-पोलादपूरच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या एक जण तरी मुंबईला असतो. पूर्वी गिरणीत, नंतर पोलिसात, कचेरीत, हॉटेलात. गावी आई भाकरी-ताक खाऊन शेतात जाई. मुंबईत मुलगा चहात पाव बुडवून गिरणीत जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या सरल्या, उभ्याचे काम जाऊन बैठे काम आले, पण चहा-पाव, चहा-खारी, चहा-बिस्किट मात्र राहिले. ही न्याहारी पाहा : मैदा, साखर, डालडा, आणि कपात नावापुरते दूध. साखरेच्या वहीतही नापास, पोटाच्या वहीतही नापास. तिला दुधाची म्हणावे की बिनदुधाची?

कोणी म्हणेल, भाकरीतही पिष्टच आहे, मग आईला मधुमेह का झाला नाही? याचे अर्धे उत्तर ताटात आहे आणि अर्धे पायांत. चढणीवर काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. खुर्चीवरचा स्नायू झोपलेला असतो. शिवाय आपली प्रकृती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांची उंची-वजनाची पट्टी अगदी सारखी, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! आपण बाहेरून किडकिडीत आणि आतून चरबीदार. ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ असे म्हणून बिस्किटांचा पुडा संपवणाऱ्यांनी हा फोटो जरूर आठवावा.

एकच पोहे, पाच तऱ्हा

आता मूळ प्रश्नाकडे वळू, आणि तो दिवाळीच्या ताटातच सोडवू. कोकणात नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंग झाले, अंगणात कारीट फोडले, की पोहे होतात. तेही एका तऱ्हेचे नव्हेत. दुधा-गुळाचे पोहे, दही-पोहे, नारळाच्या रसातले कोळाचे पोहे, दडपे पोहे आणि फोडणीचे पोहे. पाहा बरे, दूध आणि बिनदूध यांचा सामना आपल्या आजी-पणजींनी एकाच पंगतीत मांडून ठेवला आहे!

प्रत्येक तऱ्हेला कोरडे पोहे ५० ग्रॅम धरू. त्यांतून साधारण ३८ ग्रॅम पिष्ट आणि तीन ग्रॅमच्या वर थोडी प्रथिने मिळतात. एवढे सर्वांना समान. आता फरक पाहा.

दुधा-गुळाच्या पोह्यांत कपभर दुधाने सहा-सात ग्रॅम प्रथिने आणली, हे चांगले झाले. पण दुधाची स्वतःची साखर नऊ-दहा ग्रॅम, आणि वर २० ग्रॅम गूळ. गूळ म्हणजे साखरच, रंगाला भुलू नये. दुधाने जे कमावले ते गुळाने घालवले.

दही-पोह्यांत वाटीभर दह्याने पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने दिली, गोड काही घातले नाही, आणि आंबटपणाचा एक जादा फायदा झाला. आंबट पदार्थाने पोट सावकाश रिकामे होते आणि पिष्ट हळूहळू रक्तात जाते. वरून मिरचीची फोडणी आणि बाजूला काकडी असेल तर सोन्याहून पिवळे.

कोळाच्या पोह्यांत दुधाचा थेंब नाही. नारळाचा दाट रस, चिंच, गूळ. चव अशी की वाटी चाटून पुसून ठेवावी. पण नारळाच्या रसात स्निग्धांश फार आणि प्रथिने जवळजवळ नाहीत. गूळ मात्र येथेही आहेच. चिंचेचा आंबटपणा आणि नारळाचा स्निग्धांश यांनी साखरेचा चढ थोडा सावकाश होईल, पण तो लांबत राहील.

दडप्या पोह्यांतही दूध नाही. ओले खोबरे, कच्चा कांदा, लिंबू, आणि मूठभर म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाणे घातले तर सहा ग्रॅम प्रथिने. चोथा आला, आंबट आले, चावून खावे लागते, गोड काही नाही.

फोडणीचे पोहे तुमच्या हातावर अवलंबून. नुसते पोहे, बटाटा आणि वर शेव असेल तर पिष्टावर पिष्ट. त्यांत मटार, शेंगदाणे किंवा मोड आलेली मटकी घातली तर तेच पोहे सुधारतात.

आता निकाल लावा. पंगतीत पुढे आले दही-पोहे आणि दडपे पोहे : एक दुधाचे, एक बिनदुधाचे. मागे पडले दुधा-गुळाचे आणि कोळाचे : पुन्हा एक दुधाचे, एक बिनदुधाचे. म्हणजे रेघ दुधाशी ओढायची नाही. गोड किती, प्रथिने किती, चोथा किती आणि चावायला लागते किती, या चार प्रश्नांशी ती ओढायची. सणाच्या दिवशी कोळाचे पोहे वाटीभर जरूर खावेत, मी खाते. रोजची न्याहारी निवडताना मात्र हे चार प्रश्न विचारावेत.

बाजारातली नवी दुधे

शहरातल्या काही घरांतून आता बदामाचे, ओटचे, सोयाबीनचे ‘दूध’ आले आहे. ज्यांना साधे दूध पचत नाही त्यांना त्याचा आधार वाटतो, आणि असे लोक आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. वय वाढले की दुधातली साखर पचवणारा पाचकरस अनेकांत कमी होतो; मग पोट गुबारते. अशांना पुष्कळदा दही-ताक मात्र सोसते, कारण विरजणातले जंतू त्या साखरेचा काही भाग आधीच संपवतात आणि उरलेली पचवायलाही मदत करतात.

नव्या दुधांत सोयाबीनचे दूध प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जाते. बदामाच्या विकतच्या दुधात बदाम थोडे आणि पाणी फार. साखर चढत नाही, पण पोटही भरत नाही. ओटचे दूध करताना त्यातले पिष्ट पाचकरसांनी फोडतात, त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते; ओटची पेज जेवढी पोट धरते तेवढे ते दूध धरत नाही. तांदळाचे दूध मधुमेही माणसाने टाळलेलेच बरे. आणि कोणतेही घेतले तरी डब्यावर साखर घातलेली आहे का, ते वाचून घ्यावे.

माझे मत विचाराल तर बिनदुधाची उत्तम न्याहारी आपल्या घरात पूर्वीपासून आहे. मुगाचे धिरडे, मटकीची उसळ, थालीपीठ, कुळथाचे पिठले. डॉ. जेंकिन्स यांनीच १९८२ साली दाखवून दिले की सकाळी मसूर खाल्ले तर त्याचा गुण दुपारच्या जेवणापर्यंत पुरतो. दुपारची साखरसुद्धा कमी चढते. उसळीची वाटी सकाळी पोटात गेली तर ती दोन जेवणांचे काम करते.

सावकाश चढणारी साखर नको असते तेव्हा

येथपर्यंत ‘सावकाश’ या शब्दाची मी पुष्कळ स्तुती केली. पण एक वेळ अशी येते की हाच गुण घातक ठरतो. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

२०१९ सालच्या दिवाळीतली गोष्ट. कशेडीचा बोगदा तेव्हा वाहतुकीला खुला झालेला नव्हता. सगळी गर्दी जुन्या घाटाने. आम्ही पहाटे मुंबईहून निघालेल्या एस. टी. त होतो आणि खेडला एका लग्नघरी चाललो होतो. गाडी वाटेत तुंबत तुंबत पोलादपूरला पोहोचायलाच उशीर झालेला. घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर पुढच्या बाकावरचे एक वयस्क गृहस्थ एकाएकी घामाने निथळू लागले. हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. शेजारी त्यांची सून. तिला वाटले गाडी लागली. मी पुढे होऊन विचारले,

“काका, सकाळी काय खाल्लंत?”

“काही नाही ताई. घाटात उमळतं ना, म्हणून रिकाम्या पोटी निघालो.”

“आणि औषध?”

“ते घेतलं की पहाटे चारला. साखरेची गोळी कशी चुकवायची?”

उलगडा झाला. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी पोटात आणि अन्नाचा कण नाही. सुनेने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला होता. मी म्हटले, “पेढा नको गं, साखर आहे का?” कंडक्टर मोठे प्रसंगावधानी, त्यांनी मागच्या प्रवाशांत आवाज दिला आणि एका बाईंनी ग्लुकोजच्या पुडीसकट पाण्याची बाटली पुढे केली. तीन चमचे पाण्यात घालून पाजले. पंधरा मिनिटांत गृहस्थ भानावर आले, आणि पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती ही, की पेढे ठेवलेस ना गं? सगळी गाडी हसली. नंतर त्यांना सुनेच्या डब्यातली पोळी-भाजी खायला लावली.

पेढा का नको म्हटले? पेढ्यात खवा. खव्यातला स्निग्धांश आणि प्रथिने साखरेला पोटात अडवून धरतात. रोजच्या न्याहारीत दुधाचा जो गुण, तोच अशा वेळी दोष. साखर ७० च्या खाली उतरली की मेंदूला ती मिनिटांत हवी असते. तेव्हा साखर, ग्लुकोज किंवा साखरेचे सरबत. पेढा, बर्फी, चॉकलेट, नुसते दूध नव्हे. प्रमाण पंधरा ग्रॅम, म्हणजे सपाट तीन चमचे. पंधरा मिनिटे थांबायचे, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच. बरे वाटल्यावर मात्र भाकरी, पोळी, दही-भात असे टिकाऊ काही खायचे, नाहीतर साखर पुन्हा उतरते. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. थेट रुग्णालय गाठावे.

इन्सुलिनचे इंजेक्शन आणि अशा जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनाच हा धोका मुख्यतः असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने असे क्वचितच होते. आपली गोळी कोणत्या जातीची, हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावे. बोगद्यामुळे कशेडीची वाट आता पुष्कळ लवकर सरते, पण सुटीच्या गर्दीत महामार्गावर गाडी कोठे अडकेल याचा नेम नाही. न्याहारी चुकवून औषध घेऊ नये, आणि पिशवीत साखरेची पुडी असावी. ‘दोनदाच जेवा’ किंवा ‘वरचेवर खा’ यांपैकी कोणताही मार्ग धरायचा असला, तरी औषध घेणाऱ्याने तो आधी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घातला पाहिजे. नाशिकच्या गृहस्थांना माझे एवढेच उत्तर आहे.

घरचा प्रयोग

शेवटी, टोरोंटो-लुंडचे आकडे वाचून झाले, आता आपल्या घरातला आकडा काढा. साखर मापायचे लहान यंत्र आज पुष्कळ घरांत असते. ते उपाशीपोटीच वापरून कपाटात ठेवू नका. एका सकाळी नेहमीचे चहा-पोहे खाऊन पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर मापा. दुसऱ्या सकाळी तेवढेच पोहे दह्याबरोबर. तिसऱ्या सकाळी पोहे निम्मे आणि वाटीभर उसळ. खाण्यापूर्वीचा आकडाही लिहा, म्हणजे चढ किती झाला ते कळेल. त्याच कागदावर आणखी एक रकाना आखा : पुन्हा भूक किती वाजता लागली? तीनही सकाळी झोप, चालणे आणि औषध सारखेच ठेवा, आणि आकडे पाहून औषधात स्वतः फेरफार करू नका. कागद डॉक्टरांना दाखवा.

ज्यांना मधुमेह नाही त्यांनी यंत्राच्या भानगडीत न पडता नुसता भुकेचा रकाना भरला तरी पुरे. शाळेत जाणाऱ्या मुलांचाही भरा. मधल्या सुटीच्या आत त्यांना भूक लागत असेल तर सकाळच्या पेल्यात दूध किती आणि चॉकलेटची पूड किती, ते एकदा पाहा. दुधाबरोबर एखादे अंडे, थालीपीठ किंवा शेंगदाण्याची चटणी-पोळी दिली तर फरक चार दिवसांत दिसेल.

दादरच्या भगिनींनी आपल्या यजमानांना सकाळी साधे, बिनसाखरेचे कपभर दूध किंवा वाटीभर दही जरूर द्यावे, पण ते उसळीच्या, धिरड्याच्या किंवा भाकरीच्या जोडीला. बिस्किटांच्या जोडीला नव्हे. आणि त्यांना दूध नकोच असेल तर आग्रह करू नये. दडप्या पोह्यांत शेंगदाण्यांची मूठ वाढवावी.

फराळाचे डबे रिकामे झाले की हा प्रयोग घरोघरी करून पाहा, आणि तीन सकाळींचा कागद या सदराकडे जरूर पाठवा. सर्व वाचकांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!